पावती न घेतलेली फाईल

सुदामला फसवलं ते त्याच्या कॉलेजच्या सचिवानं, आणि तो व्यवहार जुळवून दिला मी. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे हा माणूस रडगाणं गाऊन शेवटी सगळं नशिबावर घालणार, असं कुणाला वाटायला नको. नशिबाचा यात काही संबंध नाही. पेपरच्या रविवार पुरवणीवाल्यांनी मला बजावलं आहे की कॉलेजचं नाव छापता येणार नाही, आणि तक्रारी लिहू नका, आठवणी लिहा. ठीक आहे, नाव लिहीत नाही. ज्यानं समजायचं तो समजेल. पण सुदामच्या आठवणी तक्रारीपासून वेगळ्या काढायच्या कशा, ते मला जमत नाही. मी काही लिहिणारा माणूस नाही.

मी आष्टीचा. जुने ट्रॅक्टर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. दहावी नापास. बापाकडून मला फक्त एक पाना मिळाला होता, तोही घासलेला. बाकी जे आहे ते घासाघीस करून उभं केलेलं आहे, आणि परतूरपासून घनसावंगीपर्यंत कुणालाही विचारा, बबनला व्यवहारात कुणी गुंडाळलं असं ऐकायला मिळणार नाही. एकदाच गुंडाळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली.

मे महिन्यातली दुपार होती. एका गिऱ्हाईकाशी रोटाव्हेटरवरून माझी हुज्जत चालली होती. फोन वाजला. नंबर सुदामचा, आवाज दुसऱ्याचा.

"तुम्ही बबन ट्रॅक्टर का?" सुदामच्या मोबाईलमध्ये माझं नाव तसंच होतं. "कुंभार पिंपळगावच्या बाजारातून बोलून राह्यलो. तुमचे सर टेबलावर डोकं ठेवून झोपलेत. उठून न्हाई राह्यले."

"तोंडावर पाणी मारा," मी म्हणालो.

"मारलं," तो म्हणाला.

मी पोचलो तेव्हा बाजार चालूच होता. एका बाजूला मिरचीची रोपं विकणारा, दुसऱ्या बाजूला भेंडीवाली मावशी, आणि मधे सुदामचं टेबल. मागं कॉलेजचा बॅनर, त्यावर काळी टोपी घातलेली एक हसरी पोरगी आणि 'प्रवेश सुरू'. सुदामला तोवर सरकारी दवाखान्यात नेलं होतं, पण ते फक्त कागदावर लिहून घ्यायला. ऊन आणि हृदय, डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांचा होता. टेबलावर त्याच्या फॉर्मचा गठ्ठा तसाच होता, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून भेंडीवालीनं त्यावर आपलं किलोचं वजन ठेवलं होतं. ती म्हणाली, "कागद उडून राह्यले व्हते, म्हनून उठवायला गेले. वाटलं, मास्तरला डुलकी लागली आसंल." मी फॉर्म उलटून पाहिले. सगळे कोरे होते.

मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवणारा, सरकारी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेला माणूस भर उन्हात भेंडीच्या शेजारी टेबल टाकून का बसला होता, हे सांगायचं तर मला बोअरच्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही सहावीत असू. सुदामच्या चुलत्याच्या रानात बोअरची गाडी आली. सुदामच्या घरची मेंढरं होती, शेत थोडं, आणि सगळ्या भावकीनं मिळून त्या बोअरवर आशा लावली होती. नारळ फुटला, गाडीचा दांडा उभा राहिला, आणि दिवसभर पांढरी भुकटी उडत राहिली. आम्ही पोरं गाडीच्या आवाजाला नाचत होतो. सुदाम मात्र एका जागी उभा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला, तरी हलेना. गाडीवरची माणसं परमुलखातली, त्यांना मराठी येत नव्हती आणि ह्याला त्यांची भाषा. तरी हातवारे करून ह्यानं त्यांना विचारलं की माती इतक्या खोलातून वर येते कशी, कुणी उपसत तर नाही. त्यातल्या एकानं सुदामच्या हातातली पपईची पोकळ दांडी घेतली, मुठीत धूळ भरली, मुठीत दांडी घुसवून वरून फुंकर मारली. बोटांच्या फटींतून धूळ वर उसळली आणि सुदामच्या तोंडावर आली. हवा खाली जाते आणि माती घेऊन वर येते. संध्याकाळी बोअर कोरडा गेला. चुलती रडायला लागली, चुलता मटकन खाली बसला, आणि हा, पांढरं भूत झालेला, हसत हसत सगळ्यांना सांगत सुटला, "मला कळलं, मला कळलं." बापानं तिथंच दोन ठेवून दिल्या. सगळ्या गावाला पाणी पाहिजे होतं. ह्याला भुकटी कशी वर येते ते पाहिजे होतं.

पुढं आयुष्यात मी शेकडो इंजिनिअर बघितले. सासऱ्यानं सांगितलं म्हणून झालेले, मार्क पडले म्हणून झालेले, शेजाऱ्याचा झाला म्हणून झालेले. बोअर कोरडा जाऊनही हसलेला मी एकच बघितला.

बारावीनंतर त्याला औरंगाबादला सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळाली. मी तोवर एका गॅरेजात हात काळे करत होतो. डिग्री घेऊन तो गावी आला त्या दिवशी त्याच्या बापानं, लिंबाजीकाकानं, तो कागद धुतलेल्या धोतराच्या सोग्यात धरून सगळ्या गल्लीला दाखवला. वाचता येत नव्हतं, म्हणून मोहोरेवर बोट ठेवून सांगायचा, "ही सरकारची." काकाच्या घरात, दारातून आत गेल्याबरोबर समोर दिसेल अशा भिंतीवर मी स्वतः एक खिळा ठोकला. चांगला जाड. फ्रेम जालन्याहून आणायची होती. ती राहिली. सुदाम वाळूजला एका कारखान्यात लागला आणि कामासाठी कागद बरोबर घेऊन गेला.

तिथं तो खूश होता. पण पाच-सहा वर्षांत काकाचं अर्धं अंग गेलं. आई आधीच वारलेली. मेंढरं विकावी लागली. सुदामला जिल्ह्यात कुठंतरी नोकरी पाहिजे होती, आणि नेमकं त्याच वर्षी जालन्याजवळ हे कॉलेज निघालं. त्याच्या सचिवाला मी एक ट्रॅक्टर दिला होता, ओळख होती. मी सुदामला घेऊन गेलो. एक खरं सांगतो, मैत्री हे अर्धंच कारण होतं. तेव्हा मी नुकताच जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात पडलो होतो, आणि मला इंजिनचं दुखणं ओळखणारा माणूस जवळ पाहिजे होता.

सचिवानं मला खुर्ची दिली. पेढा दिला. "या बबनराव" म्हणाला. तोपर्यंत शिकलेल्या कुठल्याही माणसानं मला राव म्हटलं नव्हतं. सुदामची नेमणूक पाच मिनिटांत झाली. मग तो म्हणाला, "मूळ कागदपत्रं ठेवून जा, सर. दहावीपासून डिग्रीपर्यंत. दोन वर्षांनी परत देऊ. सगळ्यांचे ठेवतो." सुदामनं फाईल मांडीवरच धरून ठेवली. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "झेरॉक्स दिल्या तर...?"

मी म्हणालो, "दे रे. कागद काय कुठं पळून जातेत?"

आता माझा धंदा समजून घ्या. मी जुना ट्रॅक्टर उधारीवर देतो तेव्हा त्याचं आर.सी. बुक माझ्या गल्ल्यात राहतं. शेवटचा हिशेब मिटेपर्यंत मी ते देवाच्या बापाला देत नाही. म्हणजे ज्याच्याकडे कागद त्याच्या ताब्यात मालक, हे मला त्या खोलीत बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. आणि दोन डिझेल फिल्टर दिले तरी मी सही घेतो. त्या दिवशी मी पोचपावती घेतली नाही. एका पेढ्यानं आणि एका 'राव'नं माझी अक्कल घेतली. निळ्या कापडी पाठीची ती फाईल सचिवानं मागच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. बाहेर आल्यावर मी सुदामच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "कसा जमवला सौदा?"

पुढची काही वर्षं बरी गेली, असं मला वाटतं. माझी तर फार चांगली गेली. दर रविवारी सुदाम मोटारसायकलवर आष्टीला यायचा. मी ट्रॅक्टर चालू करून ठेवायचो. तो हाताची घडी घालून लांब उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि मग सांगायचा, "तीन नंबरचा नोझल खराब हाय," किंवा "याचं बेअरिंग रडून राह्यलंय, घेऊ नको." गिऱ्हाईक चकित व्हायचं. मी त्याला एक पैसा कधी दिला नाही, त्यानं कधी मागितला नाही. दुपारी आमच्याकडे भाकरी खायचा, लिंबाजीकाकाला आंघोळ घालून संध्याकाळी जालन्याला परत. धंदा माझा म्हणतात लोक, पण तो त्याच्या कानावर उभा राहिला आहे.

कॉलेजात त्याची एक पद्धत होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला तो प्रत्येक पोराला चतकोर कागद द्यायचा आणि सांगायचा, "इंजिनिअरिंगला कामून आला, ते लिही. खरं लिही, मी कुणाला दाखवणार न्हाई." त्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी ज्याची त्याला हातात परत द्यायचा. मोजून, नाव वाचून. एखादा पोरगा मधेच कॉलेज सोडून गेला तर पत्ता शोधून पोस्टानं पाठवायचा. मी हसायचो. म्हणायचो, "चिठ्ठीला काय किंमत असते रे?" तो म्हणायचा, "त्याची हाय ना, मंग त्याच्याजवळ पाहिजे."

इरफान नावाचा त्याचा एक विद्यार्थी होता. त्यानं लिहिलं होतं, 'अब्बाचं पंक्चरचं दुकान मला चालवायचं नाही.' बस, एवढंच. सुदामनं त्याला चार वर्षं वर्कशॉपमधून बाहेर पडू दिलं नाही. तो इरफान आज चाकणला पंप बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहे, आणि ती चिठ्ठी अजून त्याच्या पाकिटात आहे. मी स्वतः बघितली.

दोन वर्षं झाल्यावर सुदामनं फाईल मागितली. सचिव म्हणाला, तपासणी येऊ द्या. तपासणी झाली. मग म्हणाला, हे सत्र होऊ द्या. असं होता होता लिंबाजीकाका गेला, सुदामची पोरगी शाळेत जायला लागली, आणि मेकॅनिकलला यायची पोरं कमी कमी होत गेली. सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. वर्कशॉपमधल्या लेथवर कापड पडलं. ते तपासणीच्या दिवशीच निघायचं. पगाराचं काय व्हायचं तो विषय मी इथं काढत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शिक्षकांनी उन्हाळ्यात गावोगाव फिरून पोरं आणायची, नाहीतर पुढच्या सत्राचं काही खरं नाही. थर्मोडायनॅमिक्स शिकवणारी माणसं बारावीच्या निकालाच्या याद्या घेऊन वस्त्यांवर फिरायला लागली. कुत्री अंगावर यायची.

मी त्याला एकदा विचारलं होतं, "तू या धंद्यात राह्यला कामून? माझ्याकडं ये. अर्धी भागी देतो." ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला होता. आधी नखानं तिथला गंज खरवडला. मग म्हणाला, "वर्षाला साठ पोरं येतेत, बबन. त्यातली दोन-तीन बोअरच्या गाडीजवळ उभं राह्यलेली असतेत. ती दिसतेत लगेच." वर न बघता म्हणाला, "आता ती बी येईनात." आणि मग हसून, "अन् फाईल हाय ना कपाटात." मी ते हसण्यावारी नेलं. माणसं कामात का टिकतात याची मोठमोठी कारणं सांगणारी भाषणं मी ऐकली आहेत. माझ्या मित्राची कारणं दोनच होती, आणि त्यातलं एक संपलं होतं. उरलं होतं ते किल्ली लावून ठेवलेलं.

यंदा फेब्रुवारीत इरफानचा फोन आला. त्यांच्या कारखान्यात पंपाच्या चाचणी विभागात जागा निघाली होती. "सर, फक्त तुम्ही या. मुलाखतीचं मी बघतो. मूळ कागद मात्र दाखवावे लागतील." जूनपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. सुदाम त्या रविवारी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला पुन्हा ती पांढरी भुकटी दिसली. वहिनी, म्हणजे सुदामची बायको, त्याही खूश होत्या. त्यांनी तर चाकणची शाळासुद्धा विचारून ठेवली होती.

सचिवानं फाईल द्यायला सरळ नाही म्हटलं. तपासणी पथकाला दाखवायला मेकॅनिकलचा एक तरी जुना शिक्षक लागतो, हे कारण. वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, पोच कुठं आहे? दुसऱ्या प्रती काढता येतात, पण त्यासाठी मूळ कागद हरवल्याची पोलिसात तक्रार लागते. मी म्हणालो, चल, आत्ता देऊन टाकू. सुदाम पायरीवरच थांबला. "हरवले कुठं? कपाटात हायेत. मी डोळ्यानं बघितलेत. हरवले म्हणून सही कशी करू?" मी त्याला तिथंच, वकिलाच्या दारात, नाही नाही ते बोललो. त्यानं सही केली नाही ती नाहीच.

मग मी माझ्या पद्धतीनं गेलो. एकटाच. सचिवासमोर बसलो आणि म्हणालो, "बोला, काय घेऊन सोडता?"

तो म्हणाला, "बबनराव, मला काही नको. मेकॅनिकलला प्रवेश पाहिजेत. वीस पोरं आणून द्या म्हणावं सरांना, फाईल घेऊन जा."

"आठ," मी म्हणालो.

"पंधरा."

"दहा. माणूस मोकळा करून राह्यले तुम्ही, बैल न्हाई."

"बारा. याच्या खाली मला अध्यक्षांना तोंड दाखवता येणार नाही."

मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, आणि बारावर हात मिळवला. वीसचे बारा केले. त्या संध्याकाळी मी सुदामच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बबन, तू ट्रॅक्टर सोडवून आणला काय?" पेढा त्यानं हातातच धरला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजींनी जमवलंय तर करून टाका ना. बारा म्हणजे काय लई न्हाईत." तो बरं म्हणाला.

मार्च गेला, एप्रिल गेला. त्याच्याकडे चार फॉर्म होते. मला कळेना हा करतो काय. म्हणून एक दिवस मी माझी गाडी काढली आणि त्याच्याबरोबर भोकरदनच्या बाजूला, केदारखेड्याला गेलो. एका चांगल्या शेतकऱ्याचं घर होतं. पोरानं बारावीची परीक्षा दिलेली. बाप उत्साहात, आईनं पोहे केलेले. माझ्या हिशेबानं हा पाचवा फॉर्म घरात शिरतानाच भरला गेला होता.

सुदामनं पोराला विचारलं, "घरातलं काय काय खोलून बघितलं आजवर?"

"काहीच न्हाई, सर."

"मंग मेकॅनिकल कामून?"

"मामा म्हणले."

"मंग मामाला पाठव," सुदाम म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि टेबलाखालून त्याला पाय मारला. त्याचं लक्ष नव्हतं. "तुला काय करावं वाटतं? खरं सांग, मी कुणाला सांगणार न्हाई." बाप समोर बसलेला, आई दारात, आणि हा म्हणतो कुणाला सांगणार नाही. पण पोरानं सांगितलं. त्याला जनावरांचं वेड होतं. आजारी म्हैस रात्रभर राखायचा. त्याला ढोरांच्या डॉक्टरकडं शिकायचं होतं. मग सुदाम अर्धा तास त्या घराला जनावरांच्या दवाखान्याचा कोणता कोर्स कुठं आहे, फॉर्म कधी निघतो, हे समजावत बसला. स्वतःच्या पेनानं लिहून दिलं. आमच्या फॉर्मच्याच पाठीवर.

निघताना तो बाप गाडीपर्यंत आला. सुदामचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, आतापोत्तर पाच कॉलेजवाले येऊन गेले. नको म्हणणारे तुम्ही पह्यले."

गाव सुटेपर्यंत मी दम धरला. मग गाडी बाजूला घेतली आणि फुटलो. म्हणालो, फॉर्म भरून घ्यायचा, दुसरं काही बोलायचं नाही, हे तुला येत नाही का? तुझा तो प्रश्न कॉलेजात विचार, वर्गात विचार, इथं कशाला? बारा पोरं, बारा सह्या, आणि तू सुटला. जून तोंडावर आलाय. पोरं काय, हे कॉलेज नाही तर दुसऱ्यात जातीलच. तू नाही फसवलं तर दुसरा कुणी फसवंल.

तो शांत होता. मला त्याच्या त्या शांतपणाचाच राग यायचा. म्हणाला, "प्रवेश घेताना पोरांचे मूळ कागद जमा करून घेतेत, बबन. माहीत हाय ना तुला?"

"मंग?"

"त्याच कपाटात ठेवतेत. पोरानं सोडायचं म्हटलं तर चारी वर्षांची फी भरा म्हणतेत, तवा कागद." तो रस्त्याकडं बघत होता. "माझे सोडवायला बारा जणांचे गहाण टाकायचे. ज्यांना खरंच यायचंय ते चार मी घेतले. बाकीच्यांचं मला जमंना."

मला उत्तर सुचत नाही तेव्हा मी ओरडतो. "मंग बस त्या कपाटाची राखण करत जलमभर," मी म्हणालो. मी गाडी जालन्याकडे दामटली. घराजवळ उतरताना तो थांबला, बॉनेटवर हात ठेवून दोन क्षण आवाज ऐकला, आणि म्हणाला, "फॅनचा पट्टा बदल. सैल झालाय." मी मान फिरवली. त्यानंतर आठव्या दिवशी कुंभार पिंपळगावहून फोन आला. पट्टा मी अजून बदललेला नाही.

दहाव्याला इरफान आला होता. कोपऱ्यात उभा राहून रडला. जागा दुसऱ्याला दिली म्हणाला, नाइलाज होता. तेरावा झाल्यावर वहिनींनी मला एकच काम सांगितलं. "भाऊजी, तेवढी फाईल आणून द्या. मला नोकरी न्हाई करायची तिच्यावर. मामंजींच्या घरी भिंतीला लावायचीय."

मी गेलो. या वेळी खुर्ची मिळाली, पेढा नव्हता. सचिवानं हळहळ व्यक्त केली. सर फार सज्जन होते म्हणाला. मग फाईलचं काढल्यावर त्यानं टेबलावर बोटं वाजवली. "बबनराव, नियमच तसा आहे. मूळ कागद ज्याचे त्यालाच देता येतात. त्यांनी स्वतः येऊन सही करायला पाहिजे."

मी म्हणालो, "साहेब, तो मेलाय."

"तेच तर," तो म्हणाला. "म्हणजे अडचण बघा ना."

आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडायला आलं नाही. घासाघीस कशाची करायची? पलीकडच्या पारड्यात टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याच्या मागं ते लोखंडी कपाट होतं. दारावर कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. आत किती फायली आहेत कोण जाणे. मी उठलो आणि आलो.

गेल्या आठवड्यात आष्टीला काकाच्या घरी सुदामचा फोटो लावायचा होता. मी हार आणला होता. खिळा होताच, माझ्याच हातचा, गंजलेला पण पक्का. मी फोटो अडकवायला गेलो तर वहिनींनी हात धरला. "तिथं नका, भाऊजी. तो कागदाचा खिळा हाय. मामंजी सांगून गेलेत." फोटो खाली फळीवर, गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला. तिथंच शेजारी तो चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबाही होता. मी उघडला. चालू वर्षांच्या पोरांच्या चिठ्ठ्या आहेत, फार नाहीत. 'बाबांची इच्छा.' 'दुसरीकडे नंबर लागला नाही.' 'मित्र आला म्हणून.' एकानं लिहिलं आहे, 'थ्रेशरमध्ये गहू आणि भुसा वेगळा कसा होतो ते बघायचं आहे.' ती मी दोनदा वाचली. सुदामची स्वतःची चिठ्ठी असेल म्हणून डबा तळापर्यंत शोधला. नव्हती. वहिनी म्हणतात ज्याच्या त्याला या परत कराव्या लागतील, पण वर्ष संपल्यावर कॉलेज आम्हाला आत येऊ देईल की नाही माहीत नाही, आणि मेकॅनिकलची शाखा तरी राहील की नाही.

दुकानात परत आल्यावर मी गल्ला उघडला. सात आर.सी. बुकं आहेत. सात माणसांची नावं. थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि गल्ला लावून टाकला. मी सुधारलो वगैरे मी लिहिणार नाही. पण माझ्या प्रत्येक बुकाची पावती त्या माणसाच्या घरी आहे, आणि तो मेला तर त्याची बायको येऊन बुक घेऊन जाऊ शकते. एवढं माझ्यासारख्या दहावी नापासाला समजतं.

तेव्हा आता विचारतो. नाव छापायचं नाही, तर नाही. पण ज्याच्या खिशात त्या कपाटाची किल्ली आहे, तो ही पुरवणी रविवारी चहाबरोबर वाचतो, हे मला माहीत आहे. निळ्या कापडी पाठीची फाईल. दहावी, बारावी, चार वर्षांच्या गुणपत्रिका आणि एक डिग्री, मोहोर सरकारची. पावती मी घेतली नाही, ही चूक माझी, ती मी इथं सगळ्यांसमोर लिहून दिली. तुम्ही घेतलेल्या फाईलचं काय, ते तुम्ही लिहा. सुदाम सहीला येणार नाही. मग कुणी यायचं, ते सांगा.